माज आणि वीण : गाईच्या अधिवृक्क ग्रंथींवर प्रजनन-संप्रेरकांचा होणारा परिणाम

पुणे-मुंबई मार्गावरील आकुर्डी हे एके काळी शेतीचे गाव होते. १९७० मध्ये आकुर्डी, पिंपरी, चिंचवड व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका स्थापन झाली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. शेतांच्या जागी कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. शेजारी पिंपरीस लष्कराची दुग्धशाळा होती. देशातील लष्करी दुग्धशाळा २०२१ मध्ये बंद करण्यात आल्या. तथापि या पट्ट्यातून गोठा अजून नाहीसा झालेला नाही. आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या गावठाणांत व वाड्यावस्त्यांवर दुभती जनावरे आजही बांधलेली दिसतात आणि चाकणचा जनावरांचा बाजार आजही भरतो.

या गोठ्यांतून ऐकू येणाऱ्या तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या असतात. गाय वेळेवर भरविली तरी उलटते. व्याल्यावर वार अडकते. आणि धार काढावयास बसले की गाय पान्हा चोरते. दोष कधी रेतनाला, कधी पेंडीला, तर कधी नजरेला दिला जातो. रोग, कुपोषण व चुकलेली वेळ ही या तक्रारींची मोठी कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे जनावराच्या प्रजनन-संप्रेरकांचा आणि अधिवृक्क ग्रंथींचा परस्परसंबंध. हा संबंध समजून घेतल्यास गाईला कोणत्या दिवशी विशेष जपावे, हे शेतकऱ्यास नेमके कळू शकते.

अधिवृक्क ग्रंथी म्हणजे काय?

गाईच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या पुढील बाजूस एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. चारशे किलो वजनाच्या गाईत अशी एक ग्रंथी जेमतेम तोळा-दीड तोळा भरते. मात्र एवढ्याशा ग्रंथीवाचून प्राणी फार काळ जगू शकत नाही.

या ग्रंथीचे दोन भाग असतात. आतील गाभ्यातून ॲड्रिनलीन नावाचे द्रव्य स्रवते. जनावर दचकले की छाती धडधडते, डोळे विस्फारतात व ते पळावयास किंवा शिंग उगारावयास सिद्ध होते. हे या द्रव्याचे काम होय. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. बाहेरील थरातून कॉर्टिसॉल स्रवते. भूक, वेदना, ऊन, प्रवास अशा संकटांत शरीरातील साठा मोडून रक्तात साखर पुरविणे हे त्याचे कार्य आहे. कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढले तर ते उपकारक असते. दीर्घकाळ वाढलेले राहिले तर रोगप्रतिकाराची शक्ती घटते व प्रजननाचे कार्य मंदावते.

ग्रंथीचा हा बाहेरील थर स्वतंत्रपणे चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून त्यास आज्ञा मिळते. त्याच पीयूषिकेकडून अंडाशयालाही आज्ञा जाते. एकाच पाटाचे पाणी दोन वाफ्यांत सोडावे, तसा हा प्रकार आहे.

एका कुळातील ग्रंथी

अंडाशय, वृषण आणि अधिवृक्काचा बाहेरील थर यांचे मूळ गर्भावस्थेत एकाच ठिकाणी असते. मोठेपणीही हे नाते टिकून राहते. तिन्ही ग्रंथी आपापली संप्रेरके कोलेस्टेरॉल या एकाच स्निग्ध द्रव्यापासून तयार करतात. गाभण काळ सांभाळणारे प्रोजेस्टेरॉन हे तर कॉर्टिसॉल तयार होण्याच्या वाटेवरील एक पायरीच आहे. म्हणून गाय फार त्रासली असता तिच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉलबरोबर थोडे प्रोजेस्टेरॉनही रक्तात येते. एका कुळातील माणसे जशी एकमेकांच्या सुखदुःखात ओढली जातात, तशाच या ग्रंथी एकमेकींच्या कामात ओढल्या जातात.

चिथावणी आणि लगाम

प्रजनन-संप्रेरके अधिवृक्क ग्रंथींवर कसा परिणाम करतात, हे प्रथम उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. मादी उंदराच्या अधिवृक्क ग्रंथी नराच्या ग्रंथींपेक्षा मोठ्या असतात. मादीचे अंडाशय काढून टाकले असता त्या लहान होतात आणि ईस्ट्रोजेन टोचल्यास पुन्हा वाढतात. नराचे वृषण काढल्यास उलट घडते. लगाम सुटल्याप्रमाणे ग्रंथी अधिक काम करू लागते. यावरून चार मुख्य संप्रेरकांचे कार्य ढोबळपणे पुढीलप्रमाणे सांगता येते. सर्व प्राण्यांत हे परिणाम सारख्याच प्रमाणात होत नाहीत, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

ईस्ट्रोजेन हे माज आणणारे संप्रेरक होय. ते अधिवृक्क ग्रंथींना चिथावणी देते. त्याची पातळी उंच असताना लहानशा भीतीनेही ग्रंथी जोराने प्रतिसाद देते.

प्रोजेस्टेरॉन हे गाभ टिकविणारे संप्रेरक होय. ते मज्जासंस्थेला शांत करते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये उंदरांना प्रोजेस्टेरॉनची मोठी मात्रा दिली, तेव्हा त्यांना चक्क गुंगी आली.

टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक होय. त्याचा अधिवृक्क ग्रंथींवर लगाम असतो.

ऑक्सिटोसिन हे पान्हा सोडविणारे संप्रेरक होय. पिलास पाजणाऱ्या उंदराच्या मादीत, तसेच अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांतही, संकटाला मिळणारा अधिवृक्क ग्रंथींचा प्रतिसाद सौम्य झालेला आढळतो. या शांतपणात ऑक्सिटोसिन व दूध तयार करविणारे प्रोलॅक्टिन या दोहोंचा वाटा असतो.

खच्ची केलेल्या जनावरांविषयी येथेच एक गोष्ट सांगणे उचित ठरेल. खच्चीकरणाने वृषण निकामी होतात, अधिवृक्क ग्रंथी नव्हेत. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या पाळीव प्राण्यात तर वृषण किंवा अंडाशय काढल्यानंतर पीयूषिकेच्या आज्ञेला प्रतिसाद देणारी ग्रंथी उरत नाही. ती आज्ञा मग अधिवृक्क ग्रंथींना उत्तेजित करीत राहते व कालांतराने त्यांत गाठी वाढतात. बैलांत असा रोग सहसा आढळत नाही. परंतु बैल वळूपेक्षा गरीब दिसतो म्हणून त्यास भय वाटत नाही, असे समजणे चुकीचे आहे. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी शाबूत असतात. आषाढीच्या वारीत श्री तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामास येते. तेव्हा टाळमृदंगांच्या गजरात रथाचे बैल संथपणे चालतात, ते सराव व ओळखीचा हात यांमुळे. खच्ची केल्यानेच हे साधते असे नाही.

वर्षातील दोन नाजूक प्रसंग

आता गाईचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते. माजापूर्वी दोन-तीन दिवस तिच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते व ईस्ट्रोजेन चढते. गाय फळली की प्रोजेस्टेरॉन पुन्हा वाढते आणि सुमारे २८० दिवस, म्हशीत सुमारे ३१० दिवस, गाभ सांभाळते. विण्याच्या आदल्या दोन दिवसांत पुन्हा तेच घडते. प्रोजेस्टेरॉन उतरते व ईस्ट्रोजेन शिखरास पोचते.

म्हणजेच माज आणि वीण या दोन्ही प्रसंगी शांत करणारे संप्रेरक गेलेले असते व चिथावणी देणारे वाढलेले असते. या दोन प्रसंगी भीती, मार, ऊन व प्रवास यांचा उपसर्ग गाईला सर्वांत महागात पडतो. या लेखातील मुख्य बोध तो हाच.

माजाच्या दिवशी काय घडते?

माज साधारणपणे बारा ते अठरा तास टिकतो व तो संपल्यावर दहा-बारा तासांनी अंडाशयातून बीज सुटते. बीज सुटण्यासाठी पीयूषिकेकडून एक जोरदार आज्ञा यावी लागते. कालवडींवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, या वेळी अधिवृक्क ग्रंथी कृत्रिमरीत्या उत्तेजित केल्या तर ही आज्ञा लांबते किंवा येतच नाही. आज्ञा आली नाही तर बीज सुटत नाही. मग उत्तम वळूचे रेतही वाया जाते. गाय एकवीस दिवसांनी उलटते आणि तेवढे दिवस तिचा खुराक अंगावर पडतो.

गाय माजावर आली की तिला भर दुपारी वर्दळीच्या रस्त्याने हाकत दवाखान्यात नेणे, खोड्यात कोंडून काठीने मारणे, चार अनोळखी माणसांनी धरणे, या सर्व गोष्टींचा भार नेमका याच घटकेवर येतो. पुणे जिल्ह्यात गोठ्यावर येऊन रेतन करण्याची सोय जुनी आहे. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफ संस्थेने हीच पद्धत ग्रामीण भागात रुजविली. या सोयीने शेतकऱ्याचा वेळ वाचतो, तद्वतच गाईची पायपीट व धास्ती टळते. गाय सकाळी माजावर दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. त्यानंतर तिला सावलीत बांधून पाणी पाजावे व विसावा द्यावा.

वीण : वासराची ग्रंथी वेळ ठरविते

विण्याची वेळ गाय ठरविते, असा सर्वसाधारण समज आहे. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांनी तो समज बदलला. गर्भातील कोकराची पीयूषिका नष्ट केली असता मेंढी मुदत उलटूनही व्याली नाही. उलट, गर्भास कॉर्टिसॉलच्या जातीचे औषध दिले असता ती मुदतीपूर्वी व्याली. यावरून पिलाच्या अधिवृक्क ग्रंथी पक्व झाल्या की प्रसूतीस आरंभ होतो, हे सिद्ध झाले. गाईतही मूलतः हीच रीत आहे. वासराचे कॉर्टिसॉल वारेला प्रोजेस्टेरॉनचे ईस्ट्रोजेन करावयास लावते. गर्भाशय जागे होते आणि कळा सुरू होतात.

याच वेळी गाईचे स्वतःचे कॉर्टिसॉलही उंच जाते. प्रसूतीच्या श्रमासाठी ते आवश्यकच असते. परंतु त्यात ऊन, उपासमार, धाक व गाडीतील हेलकावे यांची भर पडली, तर रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. वार सुटण्याच्या कामी याच पेशींचे साहाय्य लागते. कासेचे रक्षणही त्याच करतात. म्हणून विण्याच्या सुमारास फार त्रासलेल्या गाईत वार अडकण्याचा व कासदाह होण्याचा संभव वाढतो.

एक महत्त्वाची सूचना

कॉर्टिसॉलच्या जातीची औषधे, उदाहरणार्थ डेक्सामेथासोन, सूज व किटण यांसारख्या विकारांवर वापरली जातात. जाणकाराच्या हाती ती उपयुक्त आहेत. परंतु गाभणपणाच्या अखेरच्या काळात गाईस ती टोचली, तर वासराच्या ग्रंथीने द्यावयाची आज्ञा बाहेरूनच दिल्यासारखे होते. गाय अकाली विते, वासरू दगावू शकते व वार बहुधा अडकते. यास्तव लंगडेपणा, ताप, खाज अशा कोणत्याही कारणासाठी उपचार करून घेताना गाय किती महिन्यांची गाभण आहे, हे पशुवैद्यास प्रथम सांगावे. पशुवैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाच्या हातून असे इंजेक्शन कदापि घेऊ नये. रेतनाची तारीख गोठ्यातील नोंदवहीत लिहून ठेवल्यास ही चूक सहज टळते.

पान्हा आणि भीती

सडाला वासराचे तोंड किंवा ओळखीचा हात लागला की ऑक्सिटोसिन रक्तात येते व कासेतील दूध खाली उतरते. त्याचा प्रभाव पाच-सहा मिनिटेच टिकतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे एली व पीटरसन यांनी १९४१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले व कागदी पिशव्या फोडून आवाज केले; तेव्हा गाईने दूध आखडून धरले. ॲड्रिनलीन टोचले असताही तोच परिणाम दिसला. आपल्याकडे ‘गाईने पान्हा चोरला’ असे म्हणतात. वस्तुतः गाय काही चोरीत नाही. तिच्या अधिवृक्क ग्रंथींनी पान्ह्याची वाट अडविलेली असते.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रोज टोचले जाते. ही प्रथा निंद्य आहे. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ अन्वये गुन्हा आहे. शिवाय सुईची वेदना रोज सोसणारी गाय सुईशिवाय पान्हा सोडीत नाहीशी होते. खरा उपाय बिनखर्चाचा आहे. वेळ तीच, माणूस तोच, कोमट पाण्याने कास धुणे, वासरू समोर असणे आणि कुत्रा व परका मनुष्य दूर असणे, एवढे पथ्य पुरे.

आकुर्डी-चाकण पट्ट्यातील गोठ्यांसाठी

या भागातील जागा अपुरी आहे. गोठ्यावर पत्रा असतो, शेजारी वाहनांची वर्दळ असते आणि गाई बहुतेक हॉलस्टिन रक्ताच्या संकरित असतात. या जातीस सुमारे पंचवीस अंश सेल्सियसपर्यंतचे हवामान मानवते. चैत्र-वैशाखात पत्र्याखालील उष्मा त्याहून पुष्कळ अधिक असतो. अशा काळात माज मुका राहतो व गाभ धरण्याचे प्रमाण घटते. ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी गोठेवाल्यांच्या नजरेस आणाव्यात.

१. पत्र्यावर पाचट किंवा गवत अंथरावे अथवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. गाईपुढे दिवसभर स्वच्छ व थंड पाणी असावे. दुपारी अंगावर पाणी मारावे.

२. विण्यास एक महिना उरला असताना गाय बाजारात नेऊ नये व बाजारातून आणू नये. चाकणहून गाभण गाय आणणे भागच पडल्यास पहाटेच्या गारव्यात आणावी, टेंपोत चढविण्या-उतरविण्यासाठी उतार करावा, तळाशी भुसा किंवा वाळू पसरावी आणि दांडक्याचा वापर करू नये. घरी आल्यावर प्रथम पाणी व विसावा द्यावा, मग आंबोण.

३. विण्यापूर्वी दोन-तीन आठवडे गाईस तिच्या विण्याच्या जागी बांधावे, म्हणजे ऐनवेळी जागा परकी वाटत नाही. कळा सुरू झाल्यावर गर्दी करू नये. पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले व वासरू पुढे सरकले नाही, तर पशुवैद्यास बोलवावे.

४. वार साधारणपणे बारा तासांत पडते. न पडल्यास ती हाताने ओढू नये किंवा तिला दगड बांधू नये. गाय आधीच श्रमलेली असते. या वेदनेने तिच्या ग्रंथींवरील भार वाढतो व गर्भाशयास इजा होते.

५. पालखीचा मुक्काम, गणेशोत्सव, दिवाळीचे फटाके हे दिवस आधी ठाऊक असतात. त्या दिवसांत माजावरील व विणाऱ्या गाई रस्त्यापासून दूर, आतल्या बाजूस बांधाव्यात.

६. गाय उलटली की केवळ रेतनास दोष न देता, माजाच्या दिवशी ऊन, मार, प्रवास किंवा उपासमार घडली होती काय, याची नोंद करावी. तीन वेळा उलटलेल्या गाईची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कारण गर्भाशयाचा दाह किंवा खनिजांची उणीव असल्यास नुसत्या शांततेने गुण येणार नाही.

वरील उपायांस फारसा पैसा लागत नाही. लागते ती दिवसांची गणना व हाताची सौम्यता. आकुर्डीसारख्या ठिकाणी चराऊ रान उरलेले नाही, वैरण विकत घ्यावी लागते आणि भाकड गाय पोसणे कोणासही परवडत नाही. अशा गोठ्यात एक माज वाया जाणे म्हणजे एकवीस दिवसांचे नुकसान होय. गाईच्या वर्षातील माजाचा दिवस आणि विण्याचा आठवडा ज्याने नोंदवहीत खूण करून सांभाळला, त्याच्या दावणीला वर्षाकाठी वासरू व घरात दूध येण्याची आशा अधिक असते. ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्यात अशी एक नोंदवही सुरू करून द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर गाभण गाईची विण्याची अपेक्षित तारीख मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी.